रविवारची पिशवी

माणसाची पारख त्याच्या पिशवीवरून करावी, असे माझे जुने मत आहे. पोशाख उसना आणता येतो, भाषा चार दिवसांच्या सहवासाने उचलता येते. पिशवी मात्र खोटे बोलत नाही. सोमवार ते शनिवार आम्हा नाशिककरांच्या हातांत ज्या पिशव्या दिसतात, त्या साऱ्या मोकळ्या मनाच्या असतात. मेथीची जुडी त्यांतून मान बाहेर काढून रस्त्यावरची गंमत पाहत असते, शेवग्याच्या शेंगा येणाऱ्याजाणाऱ्याला ढोसत असतात. रविवारी मात्र गावात एक निराळीच पिशवी अवतरते. ती पातळ असते, काळी असते, तिचे तोंड गाठ मारून घट्ट आवळलेले असते आणि ती धरणारा गृहस्थ शक्यतो भिंतीच्या कडेने चालतो. ओळखीचे कोणी भेटलेच तर त्याचा पिशवीचा हात नकळत पाठीमागे जातो. "काय, बाजार का?" असे विचारावे, तर "हो, जरा भाजी" असे मोघम उत्तर येते. विचारणाऱ्याच्या पाठीमागेही बहुधा तसलीच भाजी असते!

आमचे गाव पडले तीर्थक्षेत्र. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो, रामकुंडावर स्नान करणाऱ्यांची आमच्याकडे बारा महिने गर्दी, आणि बारा वर्षांनी सिंहस्थ आला की साऱ्या देशाचे डोळे आमच्याकडे. अशा गावात सामिष खाणाऱ्याने थोडे दबून असावे, यात नवल नाही. महाराष्ट्रात २०१८ साली पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. काळ्या पिशवीने ती वाचलेली दिसत नाही. कारण तिच्यात एक मोठा गुण आहे. ती आतले दिसू देत नाही. आणि एक मोठा दोष आहे. ती गळते. आपण तिच्या गुणावर खूश असतो आणि दोष पाहायचा विसरतो. शेजाऱ्याची नजर चुकवताना त्या पिशवीतून पडलेला थेंब कोठे गेला, हे कोणी पाहत नाही. तो पायावर पडला तर पाय धुता येतो. पण खालच्या पिशवीत द्राक्षांचा घड असला तर? मला जे सांगायचे आहे ते या थेंबाविषयी.

हा थेंब मनात शिरण्याचे कारण पुण्याचे. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला या भागांत एक अपरिचित आजार पसरला. त्याचे नाव 'गुलियन बॅरे सिंड्रोम', वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत 'जीबीएस'. चालत्याबोलत्या माणसाच्या पायांतले बळ जावे, हात उचलता येऊ नये, काहींना तर श्वासासाठी यंत्राचा आधार लागावा, असे ते भयंकर दुखणे. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, काही जण दगावले. रुग्णांच्या तपासणीत काहींमध्ये 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी' नावाचा जंतू आढळला, काहींमध्ये नोरोव्हायरस. मुख्य संशय पाण्यावर होता. परंतु हा कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात बिऱ्हाड करणारा म्हणून जगभर प्रसिद्ध असल्याने कोंबडीचेही नाव निघाले. पाणी उकळून प्या आणि कोंबडी नीट शिजवून खा, असे सरकारने सांगितले. लोकांनी वाक्याचा पूर्वार्ध नीट ऐकला. उत्तरार्धातला मात्र 'कोंबडी' एवढा एकच शब्द त्यांच्या कानांत शिरला.

पुणे आमच्यापासून दोनशे किलोमीटरांवर. पण भीतीला मोटार लागत नाही. फोनवर संदेशांचा पाऊस सुरू झाला. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला 'बर्ड फ्लू' आला होता, त्याची आठवण वडीलधाऱ्यांनी काढली. त्या वेळचा शत्रू विषाणू होता, या वेळचा जिवाणू. दोघांचे कूळ वेगळे, चालण्याची रीत वेगळी. पण घाबरायचे ठरवल्यावर एवढी वंशावळ कोण पाहतो?

मी काही डॉक्टर नव्हे. पण निवृत्त माणसाजवळ वेळ असतो आणि वाचायची हौस असते. या जंतूंविषयी वाचू लागलो, तेव्हा त्यांच्या चरित्रातही आपल्या चाळीइतकीच करमणूक आहे असे ध्यानात आले. कोंबडीच्या मांसात सापडणारा दुसरा प्रसिद्ध जंतू म्हणजे 'साल्मोनेला'. तो १८८५ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ या संशोधकाने शोधला, आणि पुढे त्याला नाव मिळाले ते स्मिथचे वरिष्ठ डॅनियल साल्मन यांचे. शोध हाताखालच्या माणसाने लावायचा आणि नाव साहेबांचे लागायचे! ज्यांनी कचेरीत हयात घालवली आहे, त्या वाचकांना यात काही नवल वाटू नये.

कॅम्पिलोबॅक्टर अधिक चोखंदळ. त्याला सुमारे ४२ अंश उष्णता लागते, आणि कोंबडीच्या अंगात नेमकी तेवढीच असते. बरे, तो कोंबडीला सहसा काही त्रास देत नाही. ती टुणटुणीत असते, दाणे टिपते, मान तिरकी करून तुमच्याकडे पाहते. म्हणजे 'डोळ्यांदेखत कापून घेतली, अगदी ताजी आहे' या आपल्या अभिमानाला येथे फारसा अर्थ उरत नाही. ताजेपणा ही एक गोष्ट आणि जंतूंपासून स्वच्छ असणे ही दुसरी. वास घेऊनही कळत नाही. मांस नासवणारे जंतू वेगळे, माणसाला पाडणारे वेगळे. घाणेरडा वास येतो तो पहिल्यांचा. दुसरे बिनवासाचे येतात. आणि त्यांना सैन्य लागत नाही. कॅम्पिलोबॅक्टरचे पाचसातशे जंतू पोटात गेले तरी माणूस आडवा होऊ शकतो, आणि एका थेंबात त्याहून कितीतरी अधिक मावतात.

बहुतेकांना त्यामुळे चार दिवस जुलाब होतात, ताप येतो आणि सारे निवळते. हजार आजाऱ्यांत एखाद्याच्या बाबतीत मात्र पुढचे नाटक घडते. जंतूच्या अंगावरचे आवरण आणि आपल्या मज्जातंतूंवरचे आवरण यांत काही साम्य असते. शरीराचे शिपाई चोरावर धावून जातात आणि तोंडवळा सारखा म्हणून घरच्याच माणसाला बडवून काढतात. पुण्यात ऐकू आलेला 'जीबीएस' तो हाच.

एवढे ज्ञान पदरी बांधून मी एका रविवारी आमच्या नेहमीच्या दुकानी गेलो. दुकानदारांना सारे चाचा म्हणतात, मीही म्हणतो. एरवी तेथे उभे राहायला जागा नसते. त्या दिवशी पिंजरे कोंबड्यांनी भरलेले आणि दुकान गिऱ्हाइकांवाचून रिकामे. चाचा स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होते.

"या काका," ते म्हणाले, "तुम्ही आलात म्हणजे तुमच्या घरी फोन बंद पडलेला दिसतो."

मी हसलो आणि बाजूला उभा राहून प्रथमच त्यांचे काम नीट पाहिले. आजवर मी दहा वेळा तेथे उभा राहिलो असेन, पण दर वेळी नजर रस्त्याकडे. कोणी ओळखीचे येत नाही ना! कोंबडी जिवंत तोलायची, मान कापून पिंपात सोडायची, मग गिऱ्हाइकाच्या इच्छेप्रमाणे कातडे ओढून काढायचे किंवा गरम पाण्यात बुडवून यंत्रात पिसे उतरवायची. त्यानंतर पोट फाडून आतडी काढायची, लाकडी ओंडक्यावर तुकडे करायचे, बादलीतल्या पाण्यात ते विसळायचे आणि पिशवीत भरायचे. सारे सात-आठ मिनिटांत. यांत जंतूंच्या प्रवासाला सोयीची ठिकाणे किती, ते मोजा. आतडे फाटले तर तेथून सुरुवात. मग सुरा, मग ओंडक्याच्या भेगा, मग हात पुसायचे फडके. आणि शेवटी ती बादली. पहिल्या कोंबडीला तिने धुतले असेल. विसाव्या कोंबडीला ती आधीच्या एकोणीस जणींचा प्रसाद देते.

"चाचा, हे पाणी किती वेळा बदलता?" मी विचारले.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. रागावतील असे वाटले. पण ते म्हणाले, "काका, पंचवीस वर्षं दुकान चालवतोय. लोक भाव विचारतात, वजन विचारतात, तंगडी जास्त घाला म्हणतात, पाय आणि कलेजी फुकट मागतात. पाण्याचं तुम्हीच पहिल्यांदा विचारलंत."

घरी आलो तो दुसरेच युद्ध पेटलेले. मुंबईहून आलेल्या आमच्या सूनबाईंनी कोठेतरी वाचले होते की कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नये. आमच्या सौभाग्यवतींच्या कानांवर ते गेले आणि त्यांनी हातातले पातेले ओट्यावर ठेवून दिले.

"धुवायची नाही? अगं, रक्त असतं, पिसं असतात, हाडाचा चुरा असतो. न धुता शिजवायची म्हणजे काय माणसं आहोत की कोण आहोत आपण?"

"आई, नळाची धार पडली की त्याचे शिंतोडे उडतात. ओट्यावर, भांड्यांवर, तुमच्या साडीवरसुद्धा. दिसत नाहीत, पण उडतात."

"माझ्या सासूबाईंनी धुतली, मी धुतली. कोणी मेलं नाही."

अशा वेळी पुरुषाने वर्तमानपत्र वर धरावे हे शहाणपणाचे. पण माझ्याजवळ त्या दिवशी माहिती होती, आणि माहिती असलेल्या निवृत्त माणसाला गप्प बसवत नाही. मी त्यांना अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाची हकीकत सांगितली. २०१९ साली तेथील कृषिखात्याने तो प्रसिद्ध केला. सुमारे ३०० माणसांना एका स्वयंपाकघरात कोंबडी शिजवायला आणि सोबत कच्च्या पालेभाजीची कोशिंबीर करायला सांगितले. कोंबडीच्या तुकड्यांना आधीच एक निरुपद्रवी, पण माग काढता येईल असा जंतू लावून ठेवला होता. कोंबडी धुणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये तो नंतर सापडला. सिंक साफ केल्याचे समाधान मानणाऱ्यांपैकी १४ टक्क्यांच्या सिंकमध्ये तो तरीही शिल्लक होता. आणि धुणाऱ्यांपैकी २६ टक्के लोकांच्या कोशिंबिरीत तो जाऊन बसला होता.

"बघा!" सूनबाई म्हणाल्या.

"पुढे ऐक," मी म्हणालो. "ज्यांनी धुतली नाही, त्यांच्यातल्याही ३१ टक्क्यांच्या कोशिंबिरीत तो सापडला."

आता "बघा!" म्हणण्याची पाळी सौभाग्यवतींची होती. दोघींनीही आपापला विजय घोषित केला आणि मग दोघीही विचारात पडल्या. कारण त्या आकड्यांचा अर्थ असा की धुणे हा एकच गुन्हेगार नाही. खरे दोषी हात. मीठ घालणारा हात, मसाल्याचा डबा उघडणारा हात, काकडी उचलणारा हात. पाण्याने नुसता ओला केलेला हात धुतला गेला असे जंतूला वाटत नाही. त्याला साबण लागतो आणि सावकाश वीसपर्यंत मोजावे एवढा वेळ लागतो.

शेवटी तह झाला. कोंबडी नळाच्या धारेखाली धरायची नाही. पातेल्यात पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने विसळायची, पाणी अलगद ओतून द्यायचे, आणि मग सिंक साबणाने घासून त्यावर कढत पाणी. फ्रीजमध्ये कोंबडी सर्वांत खालच्या कप्प्यात, डब्यात झाकून. तिच्या डोक्यावर दूध-भाजी चालेल, दुधाभाजीच्या डोक्यावर ती नको. गोठलेली असेल तर रात्रभर फ्रीजमध्येच सुटू द्यायची, ओट्यावर उन्हाची वाट पाहत ठेवायची नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम सौभाग्यवतींनीच घातला, तो आता आमच्या घरी म्हणीसारखा झाला आहे: आधी कोशिंबीर, मग कोंबडी. कच्चे खायचे ते सारे चिरून, झाकून बाजूला ठेवल्यावाचून काळ्या पिशवीची गाठ सोडायचीच नाही.

येथे रश्शाच्या बाजूने चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण सारा ठपका त्याच्यावर येतो आणि तो बिचारा निर्दोष आहे. मांसाच्या आतपर्यंत ७४ अंश उष्णता पोचली की हे जंतू राहत नाहीत. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. आमच्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. काळ्या मसाल्याचा रस्सा चांगला रटरटला, तुकडे हाडापर्यंत शिजले, म्हणजे त्यात जंतू शोधून सापडायचा नाही. एवढेच काय, औषधांना न जुमानणारे जंतू म्हणून ज्यांचा आज गवगवा आहे, तेही रश्शाला जुमानतात. कोंबड्यांच्या खाद्यात आणि पाण्यात प्रतिजैविके घालण्याची रीत पडली आणि त्यामुळे जंतू निर्ढावले. अखेर २०१९ च्या जुलैत 'कोलिस्टिन' या औषधाचा जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी वापर भारत सरकारने बंद केला, कारण माणसाच्या निकराच्या दुखण्यात वैद्यांच्या हाती उरलेले ते जवळजवळ शेवटचे शस्त्र. ते बोथट झाले तर रुग्णालयात काय करायचे, हा प्रश्न खरोखरच धास्तीचा आहे. पण उकळत्या पातेल्यात दोन्ही जंतू सारखेच मरतात. निखाऱ्यावर बाहेरून खरपूस आणि आत हाडाशी कच्ची राहिलेली तंगडी संशयास्पद. लिंबू, दही आणि हळद चोळून ठेवलेल्या मांसाने चव येते, जंतूंना अभय मिळते. रस्सा मात्र प्रामाणिक.

मग माणसे आजारी पडतात कशी? याचे उत्तर मला ज्या घटनेने दिले, ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे काही वर्षांपूर्वी घडली. त्यांच्या आत्या सिन्नरकडच्या. सत्तरी ओलांडलेली, गळ्यात चाळीस वर्षे तुळशीची माळ. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते, ती करून त्या चार दिवस भाच्याकडे राहिल्या होत्या. रविवार आला. मुलांनी कोंबडीचा हट्ट धरला. भाचा संकोचला, तर आत्याच म्हणाल्या, "अरे, तुम्ही खा. माझ्यासाठी लेकरांना कशाला अडवतोस?"

त्या घराने आत्याची किती काळजी घेतली म्हणून सांगू! त्यांचे पिठले आणि भाकरी आधी केली. भांडी वेगळी, पळी वेगळी, गॅसची शेगडीसुद्धा पुसून घेतली. पंगत वेगळ्या खोलीत. सोबत काकडीची कोशिंबीर, दाण्याचे कूट घालून, आत्यांच्या आवडीची. ती कोशिंबीर त्यांनी खाल्ली, आणि तिखट न सोसणाऱ्या धाकट्या नातवाने दहीभाताबरोबर खाल्ली. बाकीच्यांनी रश्शाबरोबर कांदा-लिंबू घेतले, ते सकाळीच चिरून ठेवलेले होते.

तिसऱ्या दिवशी आत्यांना जुलाब सुरू झाले, ताप चढला. संध्याकाळी नातू पडला. आत्यांना रुग्णालयात ठेवावे लागले, पाच दिवस सलाईन. तपासणीत साल्मोनेला निघाला. डॉक्टरांनी विचारले, "कोंबडी वगैरे काही खाल्लं होतं का?" भाचा चटकन म्हणाला, "आम्ही खाल्ली, पण आम्हांला काही झालं नाही. आत्या माळकरी आहेत." डॉक्टर थोडा वेळ थांबले आणि मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "काकडी कुठे धुतली होती?"

काकडी सिंकमध्ये धुतली होती. दहा मिनिटांपूर्वी तेथेच कोंबडी धुतलेली होती. आणि ती चोचवली होती त्याच फळीवर. फळीवरून पाण्याचा हात फिरवला होता, दिसायला ती स्वच्छ होती.

मी रुग्णालयात भेटायला गेलो, तेव्हा आत्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. अशक्तपणाचे त्यांना काही वाटत नव्हते. माळ हातात धरून त्यांनी भाच्याला विचारले, "म्हणजे माझ्या पोटात कोंबडी गेली का रे?"

त्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? भाच्याच्या डोळ्यांत पाणी आले. तो म्हणाला, "नाही आत्या. तुमच्या पोटात आमचा हलगर्जीपणा गेला."

आत्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिले आणि मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला. माळ त्यांनी काढली नाही. पुढच्या वर्षी यात्रेला आल्या, तेव्हा बोचक्यात त्यांनी आपली विळी आणली होती. सुनेला आधी वाईट वाटले. आत्या म्हणाल्या, "अगं, राग नाही यात. तुझी फळी तुझ्या कामाला, माझी विळी माझ्या कामाला. दोघी सुखी." आधुनिक आरोग्यशास्त्र दोन रंगांच्या दोन फळ्या ठेवा म्हणून जे सांगते, ते त्या बाईने एका विळीत सांगून टाकले.

यावर कोणी म्हणेल, मग आपले जुने सोवळेओवळेच बरे होते. आमच्या लहानपणी कित्येक घरी मांसाची चूल परसात असे, भांडी वेगळी, हात धुतल्यावाचून घरात पाऊल टाकायला मनाई. त्यातले वेगळे ठेवणे उपयोगाचे होते, यात शंका नाही. पण 'शिवाशिव' हा शब्द नाशिकात उच्चारताना जिभेला लगाम हवा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच गावात काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षे चालला. माणसाच्या स्पर्शाने देव बाटतो असे म्हणणारे गाव आणि माणसे त्या वेळी होती. जंतूला जात कळत नाही, माळ कळत नाही. त्याला फक्त ओला हात कळतो. आपल्या पूर्वजांनी माणसामाणसांत शिवाशिव पाळली आणि तेवढ्याने आपण शुद्ध राहिलो असे मानले. ती पाळायची होती फळीने फळीशी, फडक्याने फडक्याशी. माणसांच्या बाबतीत ती पाप आणि फळ्यांच्या बाबतीत ती शहाणपण, एवढा विवेक आला तरी पुष्कळ झाले.

हा विवेक नसला की काय होते, ते त्या फेब्रुवारीत दिसले. आम्ही मध्यमवर्गीयांनी साऱ्या दोषाचे गाठोडे चाचांच्या दुकानात नेऊन टाकले. "ही दुकानं म्हणजे घाण, आता काचेच्या दुकानातूनच आणायचं" असे ठराव पारित झाले. चकचकीत दुकानाला माझा विरोध नाही. तेथे बर्फ असतो, वाहते पाणी असते, ते चांगलेच. पण काच म्हणजे कवच नव्हे. इंग्लंडात २०१४-१५ साली सरकारी अन्नसंस्थेने दुकानांतल्या ताज्या कोंबड्या तपासल्या, तेव्हा सुमारे ७३ टक्क्यांवर कॅम्पिलोबॅक्टर निघाला. आणि तेथली दुकाने आपल्या कल्पनेतल्या दुकानांहूनही चकचकीत! त्या संस्थेने पुढे जे केले ते मला फार आवडले. कोणत्या मोठ्या दुकानाचा माल किती दूषित, ते तिने नावानिशी छापायला सुरुवात केली. मग सारे हलले आणि अधिक दूषित मालाचे प्रमाण उतरले.

आपल्याकडेही २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, २०११ चे नियम आहेत, मांसाच्या दुकानात पाणी कसे असावे, हत्यारे कशी असावीत, हे त्यात लिहिलेले आहे. पण नियम वाचणारे थोडे, तपासणारे त्याहून थोडे. उरतो तो गिऱ्हाईक. तो तर रस्त्याकडे तोंड करून उभा! ज्याला आपली खरेदी लपवायची आहे, तो दुकानदाराला प्रश्न कसा विचारणार? चोरून घेतलेल्या मालाची तक्रार करता येत नाही. काळ्या पिशवीची खरी किंमत ही आहे.

त्या फेब्रुवारीनंतर आमच्या सोसायटीतले आम्ही चार जण चाचांकडे मिळून गेलो आणि म्हणालो, "बादली बंद करा, नळ लावा. आतडी काढायची जागा वेगळी, तुकडे करायची वेगळी ठेवा. किलोमागे दहा रुपये जास्त घ्या."

चाचा हसले. "चार जण देतील, काका. बाकीचे शेजारच्या दुकानात जातील."

ते म्हणाले ते खोटे नव्हते. काही गेलेही. पण नळ लागला. एक पोरगा आता फक्त तुकडे करतो, जिवंत कोंबडीला हात लावत नाही. ओंडका अजून लाकडीच आहे. रोज रात्री तो घासून उन्हात टाकतात, तो बदलायचे पैसे सध्या जवळ नाहीत असे चाचा सांगतात. मी त्यांना दर महिन्याला आठवण करतो आणि ते दर महिन्याला पुढची तारीख देतात. सारे एकदम होत नसते. दहा रुपये वाचवणारे आम्हीच आणि डॉक्टरला हजार देणारेही आम्हीच, हा हिशेब अजून पुष्कळांच्या गळी उतरायचा आहे. आणि चाचांच्या बाजूनेही एक गोष्ट खरी: नळ त्यांनी लावला तरी घरच्या फळीवर आणि घरच्या हातांवर त्यांची सत्ता चालत नाही. दुकानापासून पातेल्यापर्यंतच्या वाटेतला शेवटचा टप्पा आपला आहे.

दिवाळीचा फराळ तीन दिवस गोड लागतो. भाऊबीज उलटली की करंजीकडे पाहवत नाही, जिभेला तिखट हवेसे वाटते, आणि कित्येक घरी पहिला रस्सा शिजतो तो याच सुमारास. घर पाहुण्यांनी भरलेले असते. कोणी खाणारे, कोणी न खाणारे, कोणी सोमवार पाळणारे, कोणी माळ घातलेले. खाणाऱ्यांची मला काळजी नाही. त्यांचा रस्सा रटरटत असतो. न खाणाऱ्या पाहुण्याने मात्र आपल्या घरावर विश्वास टाकलेला असतो. तुमच्याकडे असे कोणी आले असेल, तर त्यांच्यासाठी दुसरे पक्वान्न करू नका. त्यांची कोशिंबीर तेवढी आधी चिरा.